प्रतिकृती हेलिकॉप्टरवरील बाह्य दिवे

प्रतिकृती हेलिकॉप्टरवरील बाह्य दिवे म्हणजे रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीवर मूळ हेलिकॉप्टरप्रमाणे बसवलेले दिवे होत. यांत दिशादर्शक दिवे, टक्कररोधक दिवे आणि उतरण्याचा दिवा यांचा समावेश होतो. हे दिवे प्रतिकृतीला वास्तव रूप देतात. तसेच हेलिकॉप्टरचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाला त्यांवरून कळते. म्हणून रंग आणि बाजू यांची अदलाबदल ही केवळ सजावटीतील चूक नसून ती अपघाताला कारण ठरू शकते.

मूळ हेलिकॉप्टरवरील दिवे

विमाने व हेलिकॉप्टरे यांवरील दिशादर्शक दिव्यांची पद्धत जहाजांवरून आली आहे. वैमानिकाच्या डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा आणि शेपटीस पांढरा दिवा असतो. लाल व हिरवा दिवा नाकाच्या सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला प्रत्येकी ११० अंशांच्या कोनात दिसतो, तर पांढरा दिवा मागील १४० अंशांत दिसतो. या तिन्ही कोनांची बेरीज ३६० अंश होते. हेलिकॉप्टरला विमानासारखे पंख नसल्याने लाल व हिरवा दिवा धडाच्या दोन्ही अंगांना किंवा शेपटीजवळील आडव्या स्थिरकाच्या टोकांना बसवतात.

टक्कररोधक दिवा लाल किंवा पांढरा असून तो मिनिटाला सुमारे ४० ते १०० वेळा लुकलुकतो. उतरण्याचा दिवा पांढरा व प्रखर असून तो धडाच्या खालच्या किंवा पुढच्या भागात असतो.

महाराष्ट्रात मुंबईतील जुहू विमानतळ हे हेलिकॉप्टर वाहतुकीचे प्रमुख केंद्र आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस या कंपनीची हेलिकॉप्टरे तेथून उड्डाण करतात. भूसेनेच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे प्रशिक्षण नाशिक येथे दिले जाते. आपल्याकडे पाहावयास मिळणाऱ्या हेलिकॉप्टरांची छायाचित्रे निरनिराळ्या बाजूंनी काढून ठेवल्यास प्रतिकृतीवर दिव्यांची जागा निश्चित करणे सोपे जाते. लष्करी व संरक्षित स्थळी मात्र छायाचित्रणास मनाई असते.

प्रमाण आणि रंग

दिव्याचा आकार प्रतिकृतीच्या प्रमाणातच असावा लागतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचा व्यास १३.२ मीटर आहे. १:१० या प्रमाणातील प्रतिकृतीत तो १.३२ मीटर होईल. त्याच न्यायाने मूळ दिव्याची काच ५ सेंटिमीटरची असेल, तर प्रतिकृतीत ती ५ मिलिमीटरची हवी. बाजारात ३ व ५ मिलिमीटर व्यासाचे एलईडी सहज मिळतात.

विमानांवरील हिरव्या दिव्यात किंचित निळसर छटा असते. त्यामुळे पोपटी प्रकाशाचा एलईडी तेथे विजोड दिसतो. जुन्या हेलिकॉप्टरांत तारेचे दिवे असत व त्यांचा पांढरा प्रकाश पिवळसर असे. अशा प्रतिकृतीसाठी निळसर पांढऱ्याऐवजी उबदार पांढरा एलईडी निवडावा. जुना फिरत्या आरशाचा टक्कररोधक दिवा हळूहळू उजळून मंद होतो, तर नव्या दिव्याची चमक क्षणिक असते. हा फरक लहान मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने दाखवता येतो.

विद्युत मंडल

एलईडी थेट बॅटरीला जोडल्यास त्यातून प्रमाणाबाहेर विद्युतधारा वाहून तो निकामी होतो. म्हणून त्याच्याशी एकसर जोडणीत रोधक जोडतात. रोधकाचे मूल्य ओहमच्या नियमाने काढतात. पुरवठा ५ व्होल्टचा, लाल एलईडीवरील विभवांतर २ व्होल्ट आणि अपेक्षित धारा ०.०२ अँपिअर असल्यास:

रोध = (५ − २) ÷ ०.०२ = १५० ओहम

हिरव्या व पांढऱ्या एलईडीवरील विभवांतर सामान्यतः ३.२ व्होल्टच्या आसपास असते. त्यांच्यासाठी उत्तर ९० ओहम येते. व्यवहारात १०० ओहमचा रोधक वापरतात. नव्या एलईडीची लांब तार धन टोकाची असते.

तीन दिशादर्शक व दोन टक्कररोधक दिव्यांना मिळून सुमारे १०० मिलिअँपिअर धारा लागते. उतरण्याचा १ वॅटचा एलईडी एकटाच सुमारे ३५० मिलिअँपिअर घेतो. त्यास स्थिर धारा देणारे स्वतंत्र मंडल व उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी लागते. सर्व दिवे दहा मिनिटे चालू राहिल्यास बॅटरीतील सुमारे ७५ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. दिव्यांसाठी वेगळी लहान बॅटरी ठेवल्यास तेथील बिघाडाचा परिणाम रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यावर होत नाही.

बसवताना घ्यावयाची काळजी

हेलिकॉप्टरचा तोल गुरुत्वमध्यावर अवलंबून असतो. शेपटीच्या टोकाशी ठेवलेले थोडेसे वजनही लांब अंतरामुळे मोठा परिणाम करते. त्यामुळे तेथे हलका एलईडी व बारीक तारा वापरतात आणि काम संपल्यावर तोल पुन्हा तपासून गरजेप्रमाणे बॅटरी पुढे-मागे सरकवतात. तारा शेपटीचा दांडा, गिअर व सर्व्होच्या जोडदांड्यांपासून दूर बांधाव्यात. तेथे अडकलेली एक तारही नियंत्रण घालवू शकते. तारांची जोडी एकमेकींना पीळ देऊन अँटेनापासून लांब ठेवावी. कंपनाने सोल्डर केलेले सांधे तुटतात, म्हणून त्यांवर आकुंचन पावणारी प्लॅस्टिक नळी चढवून तारांना जागोजागी सिलिकॉनचा आधार देतात.

दिव्यांवरून दिशा ओळखणे

हेलिकॉप्टर चालकापासून दूर जात असताना त्याला पांढरा दिवा दिसतो. ते थेट चालकाकडे येत असताना लाल दिवा त्याच्या उजव्या हाताला व हिरवा डाव्या हाताला दिसतो. या स्थितीत डावे-उजवे वळणही चालकाला उलट भासते. केवळ लाल दिवा दिसल्यास हेलिकॉप्टरची डावी बाजू समोर असते. संधिप्रकाशात धड काळ्या सावलीसारखे दिसू लागले की हा एवढाच आधार उरतो. दिवे उलट बसवलेले असतील, तर चालक चुकीच्या दिशेला नियंत्रण देतो. मोठ्या प्रतिकृतीचा फिरता रोटर गंभीर इजा करू शकतो, म्हणून रोटर बंद ठेवून, हेलिकॉप्टरच्या मागे उभे राहून दिव्यांची अंतिम तपासणी करावी: लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे.

भारतातील नियम

भारतात अशा प्रतिकृतींना 'ड्रोन नियम, २०२१' लागू होतात. २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या साधनांचा त्यांत स्वतंत्र उल्लेख आहे. उड्डाणापूर्वी 'डिजिटल स्काय' या शासकीय संकेतस्थळावरील हवाईक्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक असते. मराठवाड्यात नांदेड, लातूर व छत्रपती संभाजीनगर येथे विमानतळ असल्याने त्या परिसरात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

हेही पाहा

हेलिकॉप्टर
ध्रुव (हेलिकॉप्टर)
एलईडी
ओहमचा नियम