इंजिनाखालचा पत्रा

पवईच्या तलावाकांठच्या रुंद रस्त्यावरून एखादी जुनी मोटार जातांना दिसली, तर तिच्या इंजिनाखालीं डोकावून पाहणारा विरळाच. तेथें पूर्वीं पत्रे असत. त्यांस स्प्लॅश पॅन म्हणत. दुरुस्तीच्या वेळीं ते आड येत, म्हणून मिस्त्री ते काढून ठेवी. आणि काढलेलें पुन्हां बसविण्याचा आळस कोणास नसतो!

ते निरुपयोगी होते काय? फोर्डनें 1908 पासून 1927 पर्यंत मॉडेल टी जातीच्या दीड कोटींच्या वर गाड्या बनविल्या. त्यांत इंजिन आणि सांगाडा ह्यांमधील फट झांकणारे पातळ पत्रे दोन्ही बाजूंस होते. कार्ब्युरेटर खालीं, ठिणगीची वेळ साधणारा टायमरहि खालींच. तेथें चिखलपाणी उडालें कीं गाडी वाटेंतच रुसे. साष्टींतील मातीच्या वाटा आणि मुंबईचा आषाढ डोळ्यांपुढें आणा!

दुसरें काम अधिक नाजूक. ह्या गाडीस, अगदीं आरंभींच्या कांहीं सोडल्या तर, पाण्याचा पंप नव्हता. तापलेलें पाणी आपसूक वर चढे, निवालेलें खालीं उतरे. अशा वेळीं पंख्यानें ओढलेला वारा फटींतून निसटूं न देतां इंजिनाच्या अंगावरून मागें नेणें, हें ह्याच पत्र्यांचें काम.

1947 सालीं पवईशेजारच्या कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यांत डॉज गाड्या तयार होऊं लागल्या. त्यांत पाणी पंपानें फिरे. मॉडेल टी बाळगणाऱ्यानें मात्र माळ्यावर टाकलेले पत्रे शोधून पावसाळ्यापूर्वीं बसवून घ्यावे, असें माझें मत आहे.