स्टंट, चिअरलीडिंगमधील : मध्यम पातळी

चिअरलीडिंगमध्ये एका खेळाडूला इतरांनी जमिनीवरून उचलून, तोल सांभाळत उंचावर उभे धरणे म्हणजे स्टंट. वर जाणारीला फ्लायर म्हणतात. तिचे पाय तळहातांवर घेणाऱ्या दोघी म्हणजे बेस. पाठीमागे उभी राहून तिचे घोटे धरणारी, मोजणी म्हणणारी आणि तिच्यावरून क्षणभरही नजर न काढणारी ती बॅकस्पॉट. नवा स्टंट शिकताना समोरही एक स्पॉटर उभी करतात. संघ मुलांचे आणि मिश्रही असतात. या नोंदीत सोयीसाठी स्त्रीलिंगी रूपे वापरली आहेत.

महाराष्ट्रात ‘चिअरलीडर’ हा शब्द २००८ साली आयपीएलबरोबर घराघरांत आला. त्यामुळे तो ऐकला की सीमारेषेबाहेरचा नाच डोळ्यांपुढे येतो. स्टंट करणारे चिअरलीडिंग ही निराळी शाखा आहे. तिचे नाते एका बाजूने जिम्नॅस्टिक्सशी लागते, आणि मराठी वाचकाला ती चटकन समजते ती दहीहंडीच्या थरांवरून.

इतिहास : उगम अमेरिकेतला, आणि तोही पुरुषांचा. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून घोषणा म्हणवून घेतल्या, तो दिवस आरंभाचा मानतात. त्याच विद्यापीठात १९२३ पासून मुली या पथकात आल्या. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्सासमध्ये पहिले प्रशिक्षण शिबिर भरवले आणि नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन स्थापन केली. पुढे घोषणांमध्ये कोलांट्या, फेकी आणि मनोरे शिरले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

मध्यम पातळी म्हणजे काय : स्पर्धात्मक चिअरलीडिंगचे नियम करणारी अमेरिकी संस्था यूएसएएसएफ २००३ मध्ये स्थापन झाली. तिने स्टंटची वर्गवारी चढत्या पातळ्यांत केली आहे. त्यांतील दुसरी आणि तिसरी पातळी सर्वसाधारणपणे मध्यम समजली जाते. फ्लायरचे पाय बेसच्या खांद्यांच्या उंचीवर असले तर त्या उंचीला प्रेप म्हणतात. बेसचे हात डोक्यावर पूर्ण सरळ झाले तर तो एक्स्टेन्शन. दुसऱ्या पातळीत दोन पायांवरचा एक्स्टेन्शन चालतो, पण एका पायावर उभे राहायचे ते प्रेपच्या उंचीवरच. एका पायावरच्या या स्टंटला लिबर्टी असे नाव आहे. लिबर्टी डोक्यावरच्या उंचीला न्यायची मुभा तिसऱ्या पातळीत मिळते. दुसऱ्या पातळीत फ्लायर गिरकी न घेता सरळच झोळीत, म्हणजे खालच्यांनी झेलायला पुढे केलेल्या हातांत, उतरते. तिसऱ्या पातळीत दोन पायांवरच्या स्टंटमधून उतरताना हवेत एक पूर्ण गिरकी घेता येते. प्रेपच्या वर जाणाऱ्या प्रत्येक फ्लायरसाठी वेगळी स्पॉटर असलीच पाहिजे, आणि तिने फ्लायरच्या तळपायाखाली हात घालून तिसरी बेस होऊ नये, असा दंडक आहे.

पायऱ्यांचा हा क्रम गुण देण्याच्या सोयीसाठी आखला आहे असे समजणे धोक्याचे आहे. दीड ते पावणेदोन मीटर उंचीच्या बेसने हात सरळ वर केले की फ्लायरचे पाय दोन मीटरच्या आसपास पोचतात आणि तिचे डोके साडेतीन मीटरच्या. प्रेपवर तोल गेला तर बेसच्या छातीशी धरलेला पाय दोन हातांत आवळता येतो. एक्स्टेन्शनमध्ये बेसचे कोपर आधीच सरळ झालेले असतात, त्यामुळे चूक सावरायला हातात काही उरत नाही. म्हणून प्रेप डगमगत असताना एक्स्टेन्शनला हात घालणे ही मध्यम पातळीवरची सर्वांत मोठी चूक होय.

उतरणे : चांगली प्रशिक्षक चढण्याआधी उतरणे शिकवते. मध्यम पातळीवर मुख्य उतार म्हणजे झोळी, तिला क्रेडल म्हणतात. मोजणीवर दोन्ही बेस आणि बॅकस्पॉट गुडघ्यांत एकदम वाकतात आणि फ्लायरला सरळ वर उडवतात. फ्लायर उडीच्या टोकापर्यंत ताठच राहते. टोकाला पोचल्यावरच ती कमरेतून मोडते, पाय जुळवून पुढे उचलते आणि हात दोन्ही बाजूंना पसरते. बेसचा एक हात तिच्या पाठीखाली आणि दुसरा मांड्यांखाली जातो. बॅकस्पॉट तिच्या काखांखालून हात घालून डोके आणि मान आपल्या खांद्याशी सांभाळते. झेल शक्य तितका वर घ्यायचा आणि मग गुडघ्यांत बसत वजन जिरवायचे. कमरेपाशी वाट पाहत राहिलेले हात उशिरा लागतात आणि फ्लायरची पाठ त्यांच्यामधून निसटते. फ्लायरने घाबरून लवकर मोडले, तर ती वर जाण्याऐवजी मागे जाते, आणि तिचे सगळे वजन एकट्या बॅकस्पॉटवर येते. झोळी आधी कमरेच्या उंचीवरून, मग प्रेपवरून, आणि तिथे ती पुन्हा पुन्हा स्वच्छ आली की मगच एक्स्टेन्शनवरून करावी. गिरकीची वेळ त्यानंतरची. ती गिरकी आधी जमिनीवर उभ्याने, मग पाठीवर पडून लोळत घोटून घेतात, कारण गिरकीत खांदे आणि कंबर एकत्र न फिरल्यास फ्लायरचे कोपर बेसच्या तोंडावर बसते. नाक फुटणे, दात हलणे या बेसच्या नेहमीच्या दुखापती बहुधा अशाच होतात.

चढणे : चढताना फ्लायर दोन्ही बेसच्या खांद्यांवर हात टेकते आणि वजन पायांवर न टाकता हातांवर घेते. बेस पायांतील अंतर खांद्याएवढे ठेवतात, पाठ ताठ, कोपर अंगाशी. एक हात फ्लायरच्या चवड्याखाली, दुसरा टाचेखाली. उचल मांड्यांची असते. कंबर वाकवून हातांनी ओढणाऱ्या बेसची पाठ लवकर जाते, आणि ती दुखापत वर्षानुवर्षे सोबत राहते. फ्लायरने अंग लाकडी फळीसारखे आवळून धरायचे. गुडघे सरळ, नजर समोर, पाय कमरेएवढ्या अंतरावर. खाली पाहिले की डोके पुढे जाते, पाठोपाठ कंबर मागे जाते, आणि स्टंट मोडतो. एक गोष्ट शिकणाऱ्या मुलींना पटायला वेळ लागतो : तोल सावरणे हे फ्लायरचे काम नाही. ती वर लवचीक होऊन धडपडू लागली की खालच्यांना तिचा अंदाज येत नाही. तिने आवळून राहावे, तिच्याखाली सरकणे हे बेसचे काम. दहीहंडीत थर लावणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही; तिथेही सगळा भार खालच्या थराच्या खांद्यांवर आणि पायांवर असतो. फरक इतकाच की गोविंदाचा वरचा गडी खालच्यांच्या खांद्यांवर उभा असतो, तर फ्लायर चार तळहातांवर.

लिबर्टीत आधार एकाच पायावर येतो, म्हणून तिची तयारी जमिनीवर सुरू होते. फ्लायर एका पायावर उभी राहून दुसरा पाय गुडघ्यापाशी आणते आणि आठ मोजणी तशीच राहते. हे डोळे न हलवता जमले की मांडीच्या उंचीवर, मग प्रेपवर. मुख्य बेस पायाच्या अगदी खाली उभी राहते, दुसरी बेस चवडा आणि टाच यांच्यामधला भाग सांभाळते, आणि बॅकस्पॉट घोट्याला वर ओढल्यासारखे धरून पायावरचा भार हलका करते. लिबर्टी पक्की झाल्यावरच पाय कानापर्यंत नेणारा हील स्ट्रेच किंवा मागून डोक्याकडे आणणारा स्कॉर्पिअन करावा. या मुद्रांचा लवचीकपणा जमिनीवर आधी आलेला असला पाहिजे. वर गेल्यावर पाय ताणायला लागणारी फ्लायर आपली कंबर एका बाजूला फेकते.

दुखापती आणि नियम : चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील एक केंद्र १९८२ पासून अमेरिकी शाळा-महाविद्यालयांतील जीवघेण्या आणि कणा किंवा डोके कायमचे अधू करू शकणाऱ्या क्रीडा-दुखापतींची नोंद ठेवते. मुलींच्या अशा दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक अनेक वर्षे चिअरलीडिंगमध्ये नोंदल्या गेल्या. एकूण दुखापतींचे प्रमाण मात्र इतर अनेक मुलींच्या खेळांपेक्षा कमी आहे. घोटा मुरगळणे, मनगट किंवा पाठ लचकणे हे नेहमीचे. क्वचित होणारा अपघात मात्र फार गंभीर. बहुतेक दुखापती स्पर्धेत होत नाहीत, सरावात होतात.

जमीन कोणती, यावर बरेच अवलंबून असते. ओहायोतील संशोधक ब्रेंडा शील्ड्स आणि गॅरी स्मिथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या पृष्ठभागांची सुरक्षित उंची मोजली, म्हणजे ज्या उंचीपर्यंत डोक्यावर पडल्यास जीवघेणी इजा होण्याचा संभव कमी असतो ती. काँक्रीटवर ती सुमारे १५ सेंटिमीटर भरली, स्प्रिंग बसवलेल्या फरशीवर ३.३५ मीटरहून अधिक. सिमेंटच्या अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा ओल्या गवतावर एक्स्टेन्शन करू नये, याला याहून वेगळे कारण सांगायला नको. गादी पातळ असेल तर तिच्यावर पाय मुरगळतात आणि धक्काही पुरेसा जिरत नाही.

२००६ च्या मार्चमध्ये सेंट लुइस येथे बास्केटबॉल सामन्याच्या वेळी एका विद्यापीठाची चिअरलीडर मनोऱ्यावरून सुमारे साडेचार मीटर खाली पडली. मानेच्या मणक्याला तडा गेला, डोक्याला मार बसला. स्ट्रेचरवरून नेताना बँड वाजू लागला तेव्हा ती पडल्या पडल्या हातांनी हालचाली करत होती. देशभर त्या चित्राचे कौतुक झाले. कौतुक करण्यासारखे त्यात तिचे धैर्य होते. मान दुखावलेल्या मुलीने हात हलवणे मात्र कोणीही अनुकरण करू नये. त्या हंगामापाठोपाठ गाद्यांशिवाय बास्केटबॉल कोर्टवर बास्केट टॉस, म्हणजे फ्लायरला उंच हवेत फेकून झेलणे, अमेरिकेत बंद झाले. २०१२–१३ पासून माध्यमिक शाळांत दोन गिरक्या घेत झोळीत उतरण्यावरही बंदी आली.

चिअरलीडिंग हा खेळ आहे की नाही, हा वादही सुरक्षिततेशी जोडलेला आहे. २०१० मध्ये कनेक्टिकटमधील क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने स्त्रियांच्या समान संधीच्या कायद्यापुरते त्याला खेळ मानण्यास नकार दिला. दोन वर्षांनी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने उलट शिफारस केली : याला खेळ माना, म्हणजे पात्र प्रशिक्षक, वैद्यकीय तपासणी आणि दुखापतीवर लक्ष ठेवणारे जाणकार या मुलींनाही मिळतील. अकादमीचे म्हणणे योग्य होते. ज्या पथकाला सरावासाठी भोजनगृहाची फरशी मिळते, त्याला कितीही नियम दिले तरी फरशी तीच राहते.

सरावाची शिस्त : नवा स्टंट सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर घ्यावा, शेवटच्या पंधरा मिनिटांत, मांड्या थकलेल्या असताना घेऊ नये. केस बांधलेले, नखे कापलेली, अंगठ्या-कानातले काढलेले, तोंडात च्युइंगगम नाही. गटातील एक जण बदलली की गट नवा झाला असे समजून पुन्हा प्रेपपासून सुरू करावे, कारण हातांची उंची आणि मोजणीची लय बदललेली असते. डोक्याला मार लागून मळमळ, गरगरणे, उजेडाचा त्रास किंवा गोंधळ दिसला, तर त्या दिवशी परत उभे राहू द्यायचे नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुढेही नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांनी शालेय खेळाडूंसाठी डोक्याच्या दुखापतीसंबंधी कायदे केले.

स्टंट मोडत असताना गटातील कोणीही ‘डाऊन’ म्हणू शकते, अगदी पहिल्याच दिवशी आलेली समोरची स्पॉटरसुद्धा. शब्द ऐकताच वरची हालचाल तिथेच सोडून सगळ्या जणी फ्लायरला खाली घेतात. कारण विचारायचे ते नंतर. पडताना फ्लायरने हात जमिनीकडे टाकू नयेत, कोणाच्या मानेला मिठी मारू नये, अंग आवळलेले ठेवावे. बेसनी मागे न सरकता तिच्याखाली जावे आणि आधी डोके व मान धरावी. तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकून ती स्थिर उभी राहीपर्यंत कोणीही हात सोडत नाही.