सजग स्वप्नातील संकल्पस्मरण

आपण स्वप्न पाहत आहोत याचे भान झोपेतच आल्यावर, जागेपणी ठरवलेली कृती आठवून ती पार पाडण्याची क्षमता. मानसशास्त्रात ती भविष्यलक्षी स्मृतीत मोडते. आरईएम निद्रेत (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, स्वप्नबहुल झोपेत) मेंदूच्या अग्रललाट भागाचे कार्य मंदावत असल्याने भान येऊनही हेतू निसटू शकतो. तो टिकू शकतो, याचा प्रायोगिक पुरावा १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांना मिळाला : ॲलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली व ती यंत्रावर नोंदली गेली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे असे संकेत नोंदवले. सजग स्वप्न पडावे यासाठीच्या त्यांच्या ‘माइल्ड’ तंत्रात स्वप्नातून जाग आल्यावर पुन्हा झोपताना संकल्प मनात घोळवतात आणि त्याच स्वप्नात आपण भानावर आल्याचे चित्र रंगवतात.