केसाळ पेशींच्या ल्युकेमियाचा इतिहास

केसाळ पेशींचा ल्युकेमिया हा बी-लसिकापेशींचा दुर्मीळ कर्करोग. मज्जा आणि पांथरी या दोन ठिकाणी तो ठाण मांडतो. रुग्ण बहुधा मध्यमवयीन पुरुष असतो. थकवा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि डाव्या बरगड्यांखाली हाताला लागणारी पांथरी ही त्याची लक्षणे. पण पांथरी हिवतापातही वाढते, त्यामुळे तेवढ्यावर निदान होत नाही. त्यात ल्युकेमिया असूनही रक्तातल्या पांढऱ्या पेशी बहुतेकदा वाढण्याऐवजी घटलेल्या सापडतात.

ओहायो स्टेट विद्यापीठातील पेरूवियन डॉक्टर बर्था बुरॉन्कल यांनी १९५८ साली सहकाऱ्यांसह २६ रुग्णांचे वर्णन करून हा वेगळा आजार असल्याचे दाखवले. पेशीच्या कडेने निघणाऱ्या केसांसारख्या बारीक धाग्यांवरून आजचे नाव पुढे १९६६ मध्ये रूढ होऊ लागले. मज्जेत तंतूंचे जाळे माजल्याने सुई घातली तरी अनेकदा काहीच ओढले जात नाही; मग हाडाचा तुकडाच काढून तपासावा लागतो. १९७१ मध्ये टार्ट्रेटला न जुमानणाऱ्या आम्ल फॉस्फेटेज विकराची रंजक-चाचणी आली आणि निदानाला आधार मिळाला.

उपचार मात्र दीर्घकाळ एकच होता: पांथरी काढणे. तिच्यात अडकणाऱ्या रक्तपेशी वाचत, रुग्णाला उतार पडे. पण मज्जेतला आजार जागच्या जागी राही. १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी सात रुग्णांवर इंटरफेरॉन या औषधाचा गुण दाखवला.

खरी कलाटणी अनपेक्षित वाटेने आली. अॅडेनोसिन डीअमिनेज विकर जन्मतः नसलेल्या बालकांच्या लसिकापेशी नष्ट होतात. डीऑक्सिअॅडेनोसिन साचून त्या मरतात, हे कळल्यावर डेनिस कार्सन यांनी कर्करोगी लसिकापेशी मारण्यासाठी, त्या विकराकडून न विघटणारे तसेच रेणू शोधले. त्यांतून क्लॅड्रिबिन हे औषध निघाले. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेने १२ रुग्णांना त्याचा सात दिवसांचा एकच डोस शिरेतून दिला; निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ११ जणांचा आजार पूर्ण ओसरला. इतका छोटा अभ्यास एखाद्या आजाराची उपचारपद्धतीच बदलून टाकतो, असे क्वचितच घडते.

२०११ मध्ये इटलीतील पेरुजियाच्या एन्रिको तियाच्ची, ब्रुनेलो फालिनी आदींनी तपासलेल्या सर्व रुग्णांत बीआरएएफ जनुकाचा एकच बदल आढळला. तोच बदल त्वचेच्या मेलानोमा कर्करोगातही असल्याने त्यासाठीचे वेमुराफेनिब हे औषध इथेही वापरता आले, विशेषतः क्लॅड्रिबिननंतर आजार उलटलेल्या रुग्णांत. पांथरी काढण्याची वेळ आता विरळाच येते.