आजोबांची एसटी, फुटाला चार मिलिमीटर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, किंवा शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडलं की गाडीत बसून वाचा.

कॉव्हेंट्रीच्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये छोट्या गाड्यांचा एक भला मोठा संग्रह आहे, तियात्सा नावाचा. काचेमागे हजारो गाड्या ओळीने उभ्या. हाफ टर्मला आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन गेले होते. काचेला नाक लावून तो तासभर बघत होता आणि मग सहज म्हणाला, "आई, आजोबांची बस कुठेय?"

माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी बसच्या बॉड्या बांधल्या. मी म्हटलं, "अरे, ती इथे कशी असेल? हे सगळं इंग्लंडचं आहे." त्याने मान हलवली आणि पुढे गेला. मला मात्र माझंच उत्तर रात्रभर टोचत राहिलं. म्हणून या छोट्या गाड्यांचा इतिहास वाचायला घेतला. वाचत गेले तसं लक्षात आलं की 'सगळं इंग्लंडचं' हे प्रकरण काही इतकं सरळ नाही.

सुरुवात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीपासून करावी लागते. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्टचा तो मेकॅनो ज्याने काढला, तोच हा माणूस. पुढे त्याने खेळण्यातल्या रेल्वे काढल्या, आणि रेल्वे आली म्हटल्यावर स्टेशनबाहेर दोनचार मोटारी, एखादा ट्रक नको का? म्हणून १९३३ च्या शेवटी धातूत ओतलेल्या छोट्या गाड्या बाजारात आल्या. १९३४ मध्ये त्यांना डिंकी हे नाव मिळालं. म्हणजे मोटारी आल्या त्या आगगाडीच्या शोभेला! (त्या काळातल्या बऱ्याच डिंकी गाड्या आता आपोआप तडकून भुगा होतात. धातूत भेसळ राहिली होती. जुन्या बाजारात घेणार असाल तर जपून.)

आता एक गंमत. तुम्ही मुलांसाठी दुकानात गेलात की डब्यावर १:४३, १:७६, १:७२ असे विचित्र आकडे दिसतात. हे कुठून आले, सरळ पन्नास आणि शंभर का नाही, असं मला कायम वाटायचं. उत्तर रेल्वेतच आहे. मोठ्या खेळण्यातल्या रेल्वेचं प्रमाण होतं एका फुटाला सात मिलिमीटर. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, भागून बघा, ४३ आणि थोडं येतं. लहान रेल्वेचं प्रमाण फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे ७६. खरी वस्तू फुटात आणि खेळणं मिलिमीटरमध्ये, असा हा ब्रिटिश संसार. १:७२ मात्र पक्कं जुन्या पद्धतीचं: एका इंचात सहा फूट. आणि १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. हे चार मिलिमीटर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

पण हे सगळं तयार खेळणं झालं. हाताने जुळवायच्या प्लॅस्टिकच्या किटची गोष्ट वेगळी आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली.

निकोलस कोव्ह हा हंगेरीचा ज्यू माणूस. युरोपात वाऱ्यावर फिरत फिरत तो युद्धाच्या तोंडावर लंडनला पोचला आणि १९३९ मध्ये त्याने रबराची, आत हवा भरलेली खेळणी करायची कंपनी काढली. नाव एअरफिक्स. नाव 'ए' पासून असलं की व्यापाऱ्यांच्या यादीत आपण वर येतो, हा त्याचा हिशोब. (आपल्यातले किती जण असाच विचार करतात!) युद्धानंतर तो चक्क केसांचे कंगवे करत होता. प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबून भरायचं यंत्र त्याने कंगव्यांसाठी आणलेलं. १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी त्याला गाठलं. त्यांच्या विक्रेत्यांना शेतकऱ्यांसमोर ठेवायला ट्रॅक्टरची एक छोटी प्रतिकृती हवी होती. ती तुकड्यातुकड्यांत करून कारखान्यात जोडत, पण जोडणी किचकट आणि खर्चिक. मग कोव्हने काय केलं, तर तुकडे तसेच सुटे विकायला काढले: घ्या आणि घरी तुम्हीच जोडा. त्यानंतर गोल्डन हाइंड हे जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला आलं आणि मग मागे वळून बघायची गरज राहिली नाही.

इथे जरा थांबते, कारण हा ट्रॅक्टर तुमच्याआमच्या ओळखीचा आहे. फर्ग्युसन टीई-२०. तो बनायचा इथेच, कॉव्हेंट्रीत, बॅनर लेनवर, स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाले. पुढे कंपनी मॅसी फर्ग्युसन झाली, आणि १९६० च्या दशकात मद्रासच्या टाफेने तिचे ट्रॅक्टर भारतात बनवायला घेतले. तुमच्या मामाच्या गावी शेतात जो 'मॅसी' होता ना, त्याचा हा आजोबा. बॅनर लेनचा कारखाना आता नाही, तिथे घरं झाली आहेत. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन, आणि मला पत्ताच नव्हता.

कोव्ह काही एकटा नव्हता. न्यूरेंबर्गला पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना चालवणारा फिलिप उलमन हा जर्मन ज्यू, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर नॉर्थम्प्टनला आला आणि मेटॉय कंपनी उभी केली. याच कंपनीने १९५६ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या कारखान्यातून कॉर्गी गाड्या काढल्या. नाव वेल्सच्या कुत्र्याचं! कॉर्गीचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीला खिडक्यांच्या काचा. डिंकीला तोवर खिडकीच्या जागी नुसती भोकं होती. १९६५ मध्ये त्यांनी जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन काढली, बटण दाबलं की छप्पर उघडून माणूस बाहेर उडतो ती, आणि नाताळात दुकानांत झुंबड उडाली.

म्हणजे बघा, ब्रिटिश बालपणाचं चित्र म्हणून ज्या दोन नावांकडे इथले आजोबा डोळे पाणावून बघतात, ती दोन्ही बाहेरून, बॅग घेऊन आलेल्या माणसांची. आपल्यासारखी नोकरीचं पत्र घेऊन आलेली नव्हेत. जीव घेऊन आलेली.

मॅचबॉक्सची कथा मात्र अस्सल लंडनची. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ, आडनाव एक पण नातं नाही, नौदलातले दोस्त. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून १९४७ मध्ये लेस्नी कंपनी झाली. पहिला कारखाना एका बंद पडलेल्या पबमध्ये. तिसरा जॅक ओडेल, साच्यांच्या कामातला वाघ. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती म्हणे, म्हणून त्याने तिला पितळेचा छोटा रोडरोलर करून दिला, आणि १९५३ पासून मॅचबॉक्स गाड्या सुरू झाल्या. इथे प्रमाण वगैरे काही नाही हं. बस असो की मोटरसायकल, काडेपेटीत बसली पाहिजे. जाहिरातींत मुलगा आणि बाप दिसायचे, पण हॅकनीच्या कारखान्यात गाड्या जुळवायला बसलेल्या हजारो हातांत बहुतेक हात बायकांचे होते. त्यांना घराजवळून आणायला कंपनी स्वतःच्या बस चालवायची.

मग सगळं कोसळलं, आणि ते फार पटकन झालं. १९७९ ला लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना बंद, १९८१ ला एअरफिक्स, १९८२ ला लेस्नी, १९८३ ला मेटॉय. मंदी, महागलेला पौंड, हाँगकाँगचा स्वस्त माल, आणि मुलांच्या हातात आलेले व्हिडिओ गेम. नावं मात्र विकली गेली आणि टिकली. एअरफिक्स आणि कॉर्गी पुढे हॉर्नबीच्याच छत्राखाली आली.

पण साचे कुठे गेले? मला याचंच सगळ्यात नवल वाटलं. साचा मरत नाही, तो प्रवास करतो. डिंकीचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला गेले आणि तिथे 'निकी टॉइज' नावाने त्याच गाड्या निघू लागल्या. आज इथल्या लिलावांत लोक त्या शोधत असतात. आणि गेल्या पंधराएक वर्षांतले एअरफिक्सचे डबे उलटून बघा, कितीतरी डब्यांवर 'मेड इन इंडिया' सापडेल. आमच्या घरातल्या स्पिटफायरवर आहे. चिरंजीवांना दाखवलं तर म्हणे, "सो इट्स अवर्स?" आता काय सांगणार!

खऱ्या गाड्यांचंही तेच. एअरफिक्सने साठच्या दशकात १:३२ मध्ये ट्रायम्फ हेरल्डचं किट काढलं होतं. हीच गाडी मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून १९६१ पासून बनायची. डिंकीने १९४९ मध्ये लेलँड कॉमेट ट्रक काढला. लँकेशायरच्या लेलँड गावाची ती कंपनी १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सबरोबर जोडली गेली आणि 'अशोक लेलँड' झाली. हे लक्षात आल्यावर मी बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे चासी कुणाच्या यायच्या?" ते म्हणाले, "लेलँड आणि टाटा. पण माझ्या आधीच्या काळात बेडफर्ड." १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एसटी सुटली ती बेडफर्डच होती. बेडफर्ड म्हणजे ल्यूटनच्या व्हॉक्सहॉलवाल्यांची मालगाड्यांची शाखा. ल्यूटन आमच्या घरापासून तास-सव्वा तास!

तर चिरंजीवांच्या प्रश्नाचं माझं उत्तर साफ चुकलं होतं. काचेमागे आजोबांची बस नव्हती हे खरं, पण तिचे चुलते-मामे सगळे तिथे होते.

आता बस करायची ठरली. किट काही मिळालं नाही, म्हणून कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून कापून करायची. महाराष्ट्रात हल्ली कितीतरी पोरं सनबोर्डच्या एसट्या अप्रतिम करतात, त्यांचे व्हिडिओ बघून धीर आला. सामान फार नाही: शीट, स्टीलची पट्टी, कटर, पॉलिश पेपर, आणि प्लॅस्टिकचा सिमेंट. हा सिमेंट फेव्हिकॉलसारखा चिकटवत नाही. तो प्लॅस्टिक वितळवून दोन तुकडे एकजीव करतो, म्हणून थेंबभरच लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. कटर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, हे सांगायला नको.

आणि मापं? मापं आजोबांकडे.

तुमच्याकडे रविवारचा व्हिडिओ कॉल कसा होतो मला माहीत नाही, आमचा ठरलेला होता. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "थंडी आहे का?" "हो." मग फोन माझ्याकडे. दोन मिनिटं. दोघांचाही दोष नाही. एकाचं मराठी तोकडं, दुसऱ्याला कानाने कमी ऐकू येतं, आणि बोलायला समाईक असं काहीच नाही. मी मध्ये बसून दुभाषी व्हायचे आणि फोन ठेवल्यावर मलाच वाईट वाटायचं.

पहिल्या मापाच्या दिवशी बाबा म्हणाले, "लांबी छत्तीस फूट धर, रुंदी आठ." त्यांना मिलिमीटर सांगून उपयोग नाही, आमच्या मुलाला फूट म्हणजे काय ते धड माहीत नाही. पण फुटाला चार मिलिमीटर! छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, आठ चोक बत्तीस. मुलाने कागदावर रेघ ओढून कॅमेऱ्यासमोर धरली. बाबा चष्मा सावरत पुढे वाकले आणि म्हणाले, "पुढचं चाक आणखी मागं घे. दार कुठं बसवशील मग?" त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला आणि मी बटाटे सोलत होते. मधून मधून कानावर नवे शब्द पडत होते: टप, फळी, पत्रा, रिबेट, कॅरियर. 'पत्रा' हा शब्द त्याला मी दहा वर्षांत शिकवू शकले नव्हते, कारण आमच्या घरात पत्राच नाही.

रंगावरून तर वाद झाला. आम्ही दुकानातून लाल रंगाची डबी आणली, बाबा म्हणाले, "हा तुमच्या पोस्टाच्या पेटीचा लाल. एसटीचा नव्हे." कॅमेऱ्यातून रंग नीट दिसत नाही म्हणून समजावलं, ऐकतात कुठले! शेवटी त्यांनी डेपोत ओळखीच्याला पाठवून बसचा उन्हातला फोटो काढून घेतला. त्यात थोडा तपकिरी मिसळून तिसऱ्या प्रयत्नात जमला.

परवा बस पूर्ण झाली असं आमच्या मुलाने जाहीर केलं. बाजूला 'दापोडी' लिहून, टपावर कॅरियर बसवून, चारही बाजूंनी फिरवून दाखवली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट अडकलं.

मग म्हणाले, "मागची शिडी राहिली रे. सामान काय फेकणार का वर?"

शिडीचं काम चालू आहे. सात पायऱ्या, आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे.