उकिरड्यातली बाटली काय सांगते?



शोषखड्डा खणताना, घरकुलाचा पाया काढताना, परसात केळ लावताना कधी ना कधी कुदळीला काच लागते. बहुतेक वेळा तुकडा असतो, क्वचित अख्खी बाटली निघते. आपण ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकतो आणि विसरतो. आज ती बाटली वाचायची कशी, ते बघू या. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात काय आलं आणि कुठून आलं, हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही. तिथं त्यांचं स्वतःचं नावही सहसा नसायचं. पण त्यांनी उकिरड्यावर जे टाकलं, त्यात त्यांच्या संसाराची थोडी नोंद राहिली आहे.

आधी काळजीचं बोलू. हात जाड कापडात गुंडाळा, पोरांना लांब ठेवा. आत काही उरलं असेल तर वास घेऊ नका, ते औषध असेल किंवा विषही असेल. बाटली साध्या पाण्यात भिजवून मऊ फडक्यानं पुसा. ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहिलेल्या काचेवर कधी कधी मोरपिसासारखी रंगीत झाक येते. तारेच्या घासणीनं ती निघून जाईल. आणि अशी बाटली तेलातुपासाठी कधीही वापरायची नाही.

आता बाटली उजेडात धरा आणि अंगावरून बोट फिरवा. बाजूला उभी बारीक रेघ लागते का? ती साच्याच्या दोन भागांची शिवण. साचा न वापरता नुसती नळीनं फुंकून केलेल्या बाटलीला अशी शिवण नसते. तिच्या बुडाशी धरायची सळई तोडल्याचा खरबरीत वण दिसला, तर ती दीडशे वर्षांपूर्वीची असू शकते. शिवण मानेपर्यंत येऊन थांबली असेल, तर बाटली साच्यात फुंकली आणि तोंड नंतर हातानं घडवलं. शिवण थेट तोंडाच्या काठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास तयार केलं, म्हणजे ती बहुधा त्यानंतरची. आपल्या देशात मात्र यंत्रं आल्यावरही बरीच वर्षं हातानं बाटल्या होत होत्या. त्यामुळे एकाच खुणेवर वय ठरवायचं नाही.

दुसरी खूण तोंडाची. बूच बसवायचं गुळगुळीत तोंड जुनं. पत्र्याचं दातेरी झाकण दाबून बसवायला काठाखाली जाड कडं असेल, तर बाटली १८९२ नंतरची. ते झाकण त्या वर्षी अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी काढलं. मानेत गोटी असलेली सोड्याची बाटली आपल्या ओळखीची आहे. ती लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात काढली. आतला वायू गोटीला वर दाबून धरतो, म्हणून बूच लागत नाही. गोटीसाठी पोरं या बाटल्या फोडायची, त्यामुळे अख्खी क्वचितच सापडते. पण गोटी सोडा आजही जत्रेत मिळतो, म्हणून नुसत्या आकारावरून ती जुनी म्हणता येत नाही.

तिसरी खूण अक्षरांची. कागदी चिठ्ठी मातीत कुजते, पण काचेत उठवलेली अक्षरं राहतात. ती इंग्रजीत असली, तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या. माप औंसात दिलं असेल, तर बाटली बहुधा १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची. कारण १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत ती देशभर लागू झाली. मिलिलिटर दिसलं, तर त्यानंतरची. गावाचं नाव ‘बॉम्बे’ असेल, तर ती सहसा १९९५ च्या आधीची.

आता घरातल्या बाटल्यांकडे येऊ. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीसाठी ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये काढलं आणि ते इथल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलं. डोकेदुखीचं अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी सुरू केलं. तोंडाला लावायचं अफगाण स्नो १९१९ मध्ये मुंबईतच ई. एस. पाटणवाला यांनी आणलं. दवाखान्यात जाताना तर बायका घरूनच बाटली न्यायच्या. कंपाउंडर तीत लाल औषध भरायचा आणि बाहेरून कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस.

इथंच एक सावधगिरी हवी. आपल्या घरात बाटली कधी एकदाच वापरली जात नसे. औषध संपलं की तीत खोबरेल, मग रॉकेल, शेवटी झाकणाला भोक पाडून वात घातली की झाली चिमणी. म्हणून बाटलीच्या खुणा ती कधीच्या आधीची नाही एवढं सांगतात. ती मातीत पडली कधी, हे शेजारी निघालेल्या नाण्यांवरून, खापरांवरून, बांगड्यांच्या तुकड्यांवरून ताडायचं.

आणि ही काच यायची कुठून? सुरुवातीला बोटीनं, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियाकडून. १९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर जपानी माल वाढला. त्याआधीच आपल्याकडे एक मोठी गोष्ट घडली होती. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी गावोगाव फिरून सांगितलं, प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्या, त्यातून देशी उद्योग उभे करू. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं शिकवायला होते, आणि तिथं तयार झालेले कारागीर पुढं ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखानाही त्याच स्वदेशीच्या काळातला. त्याच्यावरून ओगलेवाडी हे नाव पडलं आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी लागला.

बचत गटात बसणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. महिन्याला शंभर रुपयांनी काय होणार, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. त्यांना तळेगावचं नाव सांगा. तिथं तर वर्षाला पैसाच होता.

म्हणून आमची एक विनंती आहे. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची चार पानं राखून ठेवा. परसात काही निघालं, तर कुठं निघालं, किती खोल, सोबत काय होतं आणि काचेवर काय लिहिलंय, ते त्याच दिवशी लिहा. मोबाइलवर बुडाचा, तोंडाचा आणि शिवणीचा असे तीन फोटो काढा. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला बाटली दाखवा आणि ती काय म्हणते तेही तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. बाटली आणखी शंभर वर्षं टिकेल. आजींची आठवण तेवढी थांबायची नाही. तेव्हा हे काम पुढच्या बैठकीच्या आत करा.