बुरूड राजाचा कोट : एक अमानत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. सम्राट अशोकाचा धडा आला की मुलांना नालासोपारा पश्चिमेच्या स्तूपावर घेऊन जातो. एकदा तिथे एका मुलाने विचारले, "सर, इससे हमारा क्या वास्ता?" प्रश्न भाबडा होता, पण त्याने मला विचार करायला लावले. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तरच समजावे.

या टेकाडाला गावकरी पिढ्यान्‌पिढ्या 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारा. स्तूप विस्मरणात गेला, पण हाताने काम करणारा एक राजा लोकांच्या जिभेवर राहिला. कुराणाच्या प्रती लिहून गुजराण करणाऱ्या सुलतान नासिरुद्दीनची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. राजा कष्टाळू असावा ही जनसामान्यांची इच्छा सगळीकडे सारखीच!

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक. करंडकाभोवती कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती होत्या. करंडकात चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या. शेवटच्या डबीत मातीच्या भांड्याचे 13 तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे पंडितजींचे मत होते. त्याच वर्षी भाटेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 साली भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. दहाव्या शतकात मसूदीसारख्या अरब लेखकाने या किनाऱ्यावरची बंदरे नोंदवली. त्यात सैमूर म्हणजे चौल, ताना म्हणजे ठाणे आणि सुबारा म्हणजे आपले सोपारा. 1939-40 साली पुरातत्त्व खात्याचे एम. एम. कुरेशी यांनी याच जागी पुन्हा उत्खनन केले. मुख्य स्तूपाच्या दक्षिणेला दोन लहान स्तूप मिळाले आणि त्यांच्यासोबत मुस्लिम काळातील झिलईदार भांड्यांचे तुकडेही. एकाच मातीत बुद्धाची स्मृती आणि कुणा मुसलमान घरातली थाळी! याहून मोठा वास्ता कोणता असू शकतो?

पण सोपारा म्हणजे एकटा स्तूप नव्हे. खाडी होती म्हणून बंदर होते. बंदर होते म्हणून व्यापारी आले आणि त्यांच्या दानावर विहार-स्तूप उभे राहिले. गोड्या पाण्याचे तलाव आणि बावखले होती, म्हणून केळीच्या व पानवेलींच्या वाड्या फुलल्या. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. तरी भाटेला तलाव, चक्रेश्वर तलाव, त्याच्या काठावरची जुनी शिल्पे, वाड्या, मशिदी, देवळे, चर्च आणि गावांची नावे मिळून ही कहाणी अजून वाचता येते. स्तूप त्यातले एक पान आहे.

कायदा मात्र त्या पानाभोवतीच रेघ ओढतो. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रण आले. ही तरतूद मोलाचीच आहे. परंतु दूरचे बावखल बुजले तर या रेघेला त्याची खबर लागत नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. माणसांना घरे हवीत. त्या इमारतींत माझे विद्यार्थीही राहतात. मी त्यांना दोष कसा देऊ? मागणे एवढेच आहे, की शहराचा नकाशा आखताना स्तूप, तलाव, खाडी आणि वाड्या एकत्र पाहाव्यात. तलाव भरून त्याच्या काठावर इतिहासाची पाटी लावण्यात काय अर्थ?

आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या सफरींवर जात, आपण मात्र धर्मयात्रेला निघालो. त्या यात्रेत वृद्धांची भेट होती आणि गावोगावच्या लोकांशी संवाद होता. म्हणजे राजाच्या आज्ञेतही केंद्रस्थानी गावच आहे. त्या लेखाचा दगड आज मुंबईच्या संग्रहालयात सुखरूप आहे. ज्या गावात तो उभा होता, ते जपणे आपल्या हातात आहे.

वडीलधारी मंडळी म्हणतात, अमानत ही ज्याची त्याला परत करायची असते. सोपारा आपल्याला बौद्धांकडून, व्यापाऱ्यांकडून, आगरी-कोळी-कुपारी शेजाऱ्यांकडून आणि आपल्याही पूर्वजांकडून मिळाले आहे. ते परत करायचे आहे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला. पुढच्या वेळी मी वर्गाला स्तूपावरून थेट शाळेत आणणार नाही. आधी तलावाच्या काठी बसवीन आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या वाडीवाल्याला बोलते करीन.